मूठ उघडणारा करंट

प्रिय अक्का,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज देवापुढून उठले की ठरवते, आज उत्तर लिहायचंच, आणि रोज काही ना काही आडवं येतं. हेही एका बैठकीत होणार नाही. मध्येच अक्षर उतरलेलं दिसलं तर रागवू नकोस. वेळ पुरत नाही, दुसरं काही नाही. बाकी मी बरी आहे. केस मात्र कापून टाकले, पार मानेपर्यंत. या वयात वेणी मिरवायची कुणासाठी? तेल वाचतं, वेळ वाचतो. ह्यांनी पाहिलं आणि नुसते पाहतच राहिले.

तू ह्यांच्या हाताचं विचारलंस. तोंडातून शब्द घसरत येतात, पण मला कळतात. काठी टेकत न्हाणीपर्यंत जातात. उजवा हात मात्र लकवा मारला तेव्हापासून मूठ वळूनच बसलाय. नखं कापायची तर एकेक बोट उलगडावं लागतं, आणि सोडलं की परत आत. ज्या हाताने जन्मभर खांबांवर चढून विजेच्या तारा ओढल्या, त्याला आता शर्टाचं बटण ऐकत नाही.

म्हणून थेरपीच्या केंद्रातून एक बाही भाड्याने आणली आहे. मनगटापासून कोपरापर्यंत चढवायची. आतून चिकटपट्ट्या, त्यांना वायरी, आणि वर काडेपेटीएवढी डबी. बटण दाबलं की डबीवर दिवा लुकलुकतो, हाताला मुंग्या येतात आणि मूठ उघडते. मग सैल पडते, मग पुन्हा उघडते. ह्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, आयुष्यभर या हाताला करंट लागू दिला नाही, आता तुम्ही भाडं भरून लावताय! थेरपिस्ट बाई तोंडावर रुमाल धरून हसल्या. तुला आठवतं का, तुझ्या घरी पंखा बसवायला आले होते तेव्हा तू मेन स्विचच्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवलास आणि हे तुझ्यावर केवढ्यांदा ओरडले होते? तू दोन दिवस फुगून होतीस. मग त्यांनीच समजावलं होतं, करंट मूठ मिटवतो, एकदा धरलेलं माणसाला सोडता येत नाही. तोच करंट आता त्यांची मूठ उघडत होता. स्वतःच्या बोटांकडे असे बघत होते, जसा कुणी अनोळखी पाहुणा घरात येऊन खुर्चीवर बसलाय.

आता माझा शहाणपणा ऐक. तुला माझी सवय माहीत आहे, वस्तू घरात आली की तिच्याकडून काम पुरेपूर करून घ्यायचं. भाडं तर आपण झोपलो तरी चालूच असतं. म्हणून हे दुपारी जेवून आडवे झाले की मी हळूच बाही चढवायची आणि बटण दाबायचं. हे घोरतायत, मूठ उघडतेय, मिटतेय, आणि मी शेजारी बसून जप करतेय. मला वाटायचं, किती छान, त्यांना त्रास नाही की यंत्राला विश्रांती नाही. पट्ट्या जपून काढायच्या, प्लास्टिकवर परत चिकटवायच्या. माझ्या परीने मी देवाचं काम केल्यासारखं करत होते.

महिना संपला, थेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी ह्यांना समोरचं भांडं उचलायला सांगितलं. बोटं जागची हलली नाहीत. बाईंनी विचारलं, यंत्र कधी लावता? मी मोठ्या फुशारकीने सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, काकू, हे काय कपडे धुण्याचं यंत्र आहे, टाकले आणि झोपलात? मग शांतपणे समजावलं. करंट बाहेरून ढकलतो, पण त्याच वेळी काकांनी आतून मूठ उघडायचा जोर लावायला हवा. दोघांची गाठ पडली तर मेंदूला विसरलेली वाट सापडण्याची आशा. काका झोपलेले असतील तर आतून यायचं कुणी? हे खो खो हसले. मला रडू आलं, पण मी चहा टाकायला उठले.

बाई जाताना एक जास्तीचं सांगून गेल्या, ते मला जास्त लागलं. म्हणाल्या, काकू, त्यांच्या हाताचं काम तुम्ही खाताय. बटण तुम्ही लावता, घास तुम्ही भरवता, मग तो हात कशाला उठेल? अक्का, आपल्या आईने काय शिकवलं? सेवेला कमी पडू नये. मी कमी पडले नाही तर तेच चुकलं म्हणे. घ्या!

त्या दिवसापासून जेवण म्हणजे परीक्षा. बाही चढवायची, चमच्याच्या दांड्याला फडकं गुंडाळून जाड करायचं, दिवा लागला की ह्यांनी मूठ उघडायची आणि चमचा धरायचा. भात मांडीवर, वरण उशीवर, चमचा पलंगाखाली. मी पदराखाली हात घट्ट धरून बसायची, नाहीतर ते आपोआप पुढे होतात. तीन-चार वेळा फसलं की हे मान फिरवायचे आणि पिल्लासारखं तोंड उघडायचे. मग माझा धीर सुटायचा. भरवायची. चादर पुन्हा धुवायची. देवाला म्हणायची, आज एवढं माफ कर, उद्यापासून कडक होते. उद्याही तेच.

काल पत्र इथवर लिहून ठेवलं होतं. आज पुढे लिहिते.

हे नोकरीत होते तेव्हाची एक गोष्ट मला सारखी आठवते. खांबावर कुणाचा हात थरथरायला लागलेला दिसला की हे खालून हाक द्यायचे, उतर, आता मी चढतो. जोडीदार म्हणायचे, अजून थोडंच राहिलंय. हे ऐकायचे नाहीत. घरी आल्यावर मला सांगायचे, थकलेला माणूस कधी खाली येत नाही, त्याला उतरवावा लागतो. मी तेव्हा भाजी निवडत हूं म्हणायची.

परवा दुपारी मी ह्यांना भरवत होते. चमचा निम्म्या वाटेवर नेला आणि माझा खांदा अडकला. हात ना पुढे जाईना, ना खाली येईना. तुला आता सांगते, हे बरेच महिने चाललंय. ह्यांना उचलून, वळवून, बसवून खांदा आखडून गेला आहे. हात डोक्यापर्यंत जात नाही. केस तेलासाठी नाही कापले, अक्का. वेणी घालता येत नव्हती. ह्यांना कळू दिलं नव्हतं, असं मला वाटत होतं.

चमचा हवेत तसाच. माझ्या डोळ्यांत पाणी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डाव्या हाताने बाहीचं बटण स्वतःच दाबलं. दिवा लुकलुकला. कपाळावरची शीर फुगेपर्यंत जोर लावला. उजवी मूठ उघडली, वाकडीतिकडी वर आली आणि माझ्या हातातला चमचा तिने धरला. निम्मा भात सांडला, निम्मा तोंडात गेला. घास गिळून म्हणाले, उतर. मला वाटलं पलंगावरून उतरायचंय, म्हणून मी काठी आणायला उठले. त्यांनी मान हलवली. म्हणाले, मी नाही. तू. तू उतर आता.

म्हणून हे पत्र. तू इतकी वर्षं बोलावतेस आणि मी इतकी वर्षं बघू म्हणते. अक्का, मी येऊ का, थोडे दिवस? शेजारचे शिंपीकाका दोन्ही वेळा येऊन बाही चढवून देणार आहेत आणि रात्री इथेच झोपणार आहेत. जेवण सांडेल, सांडू दे. येताना काही आणणार नाही, आल्यावर कामाला हात लावणार नाही, आधीच सांगते. तुझ्या खिडकीजवळची खाट रिकामी असेल तर तेवढी ठेव. लहानपणी तू माझी वेणी इतकी ओढून घालायचीस की मी रडायची. आता घालायला वेणी उरली नाही, पण जी काही पिसं राहिलीत ती तूच विंचर. कितीही ओढलंस तरी या वेळी रडणार नाही.

तुझीच,
धाकटी