तांड्याची कोठी

प्रिय बापू,

तुमची खुशाली धाकट्या रवीकडून कळते. मी बरी आहे, फक्त थकलेय. शाळा सुटली की शिकवण्या, आणि खोलीवर आलं की उद्याच्या धड्याची काळजी. आपण चुकीचं शिकवलं तर, ही भीती जात नाही. अंगणात राख पसरून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत, तेव्हाही एक काना चुकला की मी सगळं पुसून टाकायची.

रवीनेच सांगितलं, आपल्या तांड्याची वेगळी ग्रामपंचायत झाली, पहिली सरपंच बाई असणार, आणि तुम्ही माझं नाव सांगून टाकलंत. तांड्याच्या नायकाचा शब्द, म्हणून कोणी काही बोललं नाही म्हणे.

त्याच आठवड्यात सहावीच्या वर्गात धडा होता: शेती आली, धान्य उरू लागलं, कोठारं झाली, मग नगरं, मग राज्यं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, पहिल्या राजाला निवडलं कोणी?" मी म्हटलं, नक्की माहीत नाही, कदाचित कोणीच नसेल. लोकांनी भरवशाच्या माणसाकडे धान्य ठेवलं असेल, तो गेल्यावर ते आपोआप त्याच्या मुलाकडे राहिलं असेल. बोलता बोलता मला आपलं घर दिसलं.

सुगीनंतर घरोघरची ज्वारी अडीअडचणीसाठी आपल्या कोठीत येते. आधी आजोबांकडे यायची, आता तुमच्याकडे. त्यातला दाणाही तुम्ही आपल्या घरी शिजू दिला नाहीत, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. पण या उन्हाळ्यात धनीबाई ज्वारी न्यायला आली, तेव्हा तुम्ही झोपला होतात. ती ओसरीखाली उन्हात बसून राहिली. मी वर बोलावलं तर हसली, "नायकाची झोप कायले मोडू, पोरी? जवारी आमची हाय, पण कोठी तं तुमची हाय ना!" तुम्ही उठलात, तिने हात जोडले, तुम्ही मायेने टोपली भरून दिलीत. तुमचं काहीच चुकलं नाही, बापू. म्हणूनच मला चैन पडत नाही.

मी उभी राहणार नाही. तोंडावर सांगायचं धैर्य नाही, म्हणून हे लिहिते आहे. सगळ्यांना बसवा, माझं नाव मागे घ्या आणि विचारा, कोण हवी? धनीबाईलाही विचारा. नायकाचा शब्द त्याच्याच मुलीने मोडला, असं लोक म्हणतील. ते तुम्हाला किती लागेल, कळतं मला. ठरेल तिला मत द्यायला मी येईन. त्या दिवशी घरी जेवायला यावं की नाही, तेवढं कळवा.

तुमचीच,
उर्वशी