मडक्यातली लेकुरवाळी

१२ जुलै २००९

आज बी मोठी नांगी तिच्याच ताटात!

देवेंद्र माहा एकुलता एक. लहान होता तवापासून खेकड्याचा रस्सा झाला का मोठी नांगी फोडून माह्या भाताजवळ ठेवे. लगन होऊन वरीस झालं, आता बायकोसाठी फोडते. प्राची फुलचूरची, शहरालगतची. नांगी कशी चोखाची हे बी मीच शिकवलं तिले!

मी नीट जेवली नाही. कोणी इचारलं बी नाही.

१५ जुलै

धानाचा रोवणा सुरू. सांजेले दोघं बांधीच्या धुऱ्यावर खेकडे धराले गेले. आणले टोपलीचा तळ झाकण्यापुरते. मी मनलं, खेकडे धरत होते का बिरशीच्या विमानतळावरची विमानं मोजत होते? देवेंद्र हासला. मनते, साऱ्या लेकुरवाळ्याच निघाल्या, सोडल्या.

खरं असन. या दिवसात मादीच्या पोटाखालचा पडदा उचलला तर आत पिल्लंच पिल्लं — मोहरीएवढी, चिकटून. अंडी फुटली तरी माय सोडत नाही. त्यायच्या पायात बळ आलं का मगच पाण्यात झटकते. अशीले आपण खात नाही, तिथल्या तिथं सोडाची.

हे त्याले मी शिकवलं. आता तो तिले शिकवते!

१८ जुलै

सापडली चोरी.

न्हाणीमागं मडकं, वरून परात. आत खेकडा — हा एवढा! घरात माणसं तीन, अन् तिसरीपासून लपवून ठेवते! उलटा करून पाहिला तर लेकुरवाळी. हे खाणार होते दोघं? डोकंच फिरलं. मडकं उचललं, चिंचेखालच्या धुऱ्यावर गेली, ओलं बीळ पाहून सोडली. मनलं, "जा, मर तिकडं. तुही पिल्लं बी तुले इचारणार नाही."

रिकामं मडकं प्राचीपुढं आपटलं. ती रडाले लागली. खेकड्यासाठी रडते!

१९ जुलै

प्राचीले दिवस गेले. देवेंद्रनं सकाळी सांगितलं.

आमच्यात पहिल्या खेपेले पोरीच्या मायनं एक लेकुरवाळी सोडाची असते. सोडतानी बोलाचं — तुही पिल्लं सुटन तशी माही लेक सुखरूप सुटो. मले ठाऊक होतं. पण डोक्यातच नाही आलं. प्राचीले माय कुठं आहे? ती लहान असतानीच गेली.

"म्हणून तुमच्या हातानं सोडायची होती, आई," ती मनाली. "आज सांगणार होतो."

मंग डोळे पुसून तीच मनते, "जाऊ द्या, तुमच्याच हातानं तर सुटली."

हातानं सुटली. तोंडानं काय बोलली ते मी तिले सांगितलं नाही.

२० जुलै

पहाटेच चिंचेखाली गेली. त्याच बिळापुढं बसून सारं नीट बोलली. पहिल्यांदा तोंडातून 'माही सून' निघालं. मंग परत बोलली — 'माही लेक'.