प्यो सरांना हरवायचं नसतं

इन्जे,
१४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
दोग्योमचा कमरेतून वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर मी ओरडतो, म्हणून यापुढे जे काही बोलायचं ते पत्रातच, हा तुझा हुकूम मान्य आहे. पहिला कागद लिहिता लिहिता फाटला. हा दुसरा.

ऐकलं ते खरं का? आपल्या, म्हणजे आता तुमच्या, विभागात क्रीडाविज्ञानाच्या एम.ए.चा अभ्यासक्रम बदलतोय? प्रयोगशाळेचा दुसरा पेपर काढून त्या जागी सहा महिने माणसांत जाऊन व्यायाम शिकवायचा पेपर येणार? आत्या, हेच तर मी तिथं असताना घसा फोडून सांगत होतो! तेव्हा प्यो सर म्हणाले होते की माणसंच बघायची असतील तर बाजारात जाऊन उभा राहा, विद्यापीठाची फी कशाला भरतोस.

मला परत यायचंय. मधेच सोडून गेलेल्यांना ठरावीक मुदतीत पुन्हा घेतात, आणि माझी मुदत मार्चला संपते. त्यानंतर दार बंद. पण अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते आणि माझे मार्गदर्शक म्हणजे प्यो सर. मला बघून ते पेन तरी उघडतील का?

बाकी मी मजेत आहे. सकाळी वृद्धांच्या केंद्रात व्यायाम घेतो. मी जे शिकवतो ते सगळ्या आज्या निमूट करतात आणि वर्ग संपला की टेकडीवर जाऊन, पाठ मोकळी व्हावी म्हणून, झाडांच्या खोडांवर धपाधप आपटतात. सुतारपक्ष्यांनी ती टेकडी केव्हाच सोडली असेल. त्यातली मा आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. रोज जाताना सांगते, मास्तर, तुमच्यामुळं माझा गुडघा अगदी नवा झाला. प्यो सरांना हे ऐकवायला पाहिजे.

सेबिनताई कशी आहे? सहज विचारतोय.

लोभ आहे तेवढा पुरे, सहीचं तेवढं बघ.

तुझा,
दोग्योम


छुनछन,
२२ ऑक्टोबर

चि. दोग्योम यास,
आत्याचे आशीर्वाद आणि एक चापट. चापट भेटीत मिळेल.

तुझं ‘सहज’ चार ओळी आधीपासून दिसत होतं. सेबिन ठीक आहे. पीएच.डी.चं काम सांभाळून आमच्या अभ्यासक्रम समितीच्या बैठकांची टिपणं घेते आणि आमची भांडणं अशा सभ्य भाषेत उतरवते की वाचून आम्हालाच आमचा आदर वाटतो. मागच्या बैठकीत नव्या पेपरला नाव काय द्यायचं यावर दुपार गेली. संख्याशास्त्र पहिल्या सहामाहीतून दुसऱ्या सहामाहीत न्यावं असं कुणी म्हणालं, तर संख्याशास्त्राचे सर उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अभ्यासक्रम बदलणं म्हणजे एकत्र कुटुंबात स्वयंपाकघराची मांडणी बदलणं आहे बाबा.

प्यो सरांचा विरोध कायम आहे. त्यांचं म्हणणं असं, की प्रयोगशाळेतल्या फिरत्या पट्ट्यावर श्वास मोजायचा मुखवटा लावून पळणाऱ्याचा श्वास खोटं बोलत नाही, पण माणसं बोलतात. शिकवणाऱ्याला बरं वाटावं म्हणून बरं वाटतंय असं सांगतात. अशा उत्तरांवर विज्ञान उभं करायचं कसं?

आता सहीचं. आपल्या विभागाच्या सहलीत जोक्गूचा सामना असतो, आणि पायानं खेळायच्या त्या व्हॉलीबॉलमध्ये प्यो सरांना हरवायचं नसतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं. वीस वर्षं कुणी हरवलं नव्हतं. गेल्या वर्षी तू गुण मोजायला बसलेल्या सेबिनकडे बघत असा काही चेंडू मारलास की सरांचा चष्मा ओढ्यात गेला. वर सीनियर मुलं रागावली म्हणून गळ्यातली शिट्टी काढून रश्शाच्या पातेल्यात टाकलीस आणि कॉलेजच सोडलंस. तो रस्सा मी प्यायले होते, विसरू नकोस.

समितीची शेवटची बैठक नोव्हेंबरात इन्जेलाच आहे. सीनियर मुलांनाही घेऊन डोंगर चढून यायचं, खाली हॉटेलात जेवत जेवत ठरवायचं. त्या हॉटेलाच्या अंगणात जोक्गूचं मैदान आहे. तू ये, सरांशी खेळ, आणि गुपचूप हर. तुझा अर्ज येईल तेव्हा नात्यामुळे मी खोलीबाहेर जाऊन बसणार, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. त्यामुळे जे करायचं ते तुलाच.

माया कमी नाही, भरवसा थोडा कमी आहे.

तुझी आत्या,
म्योंगसुक


इन्जे,
३ नोव्हेंबर

ती. आत्यास,
आज जरा जास्तच वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी टेकडीवर गेलो आणि आज्यांच्या एका झाडावर पाठ आपटून आलो. बरं वाटलं. हे कुणाला सांगू नकोस.

दुसरी गोष्ट लिहायला जड जातेय. परवा मा आजी वर्गातून बाहेर पडली आणि वळणापलीकडे जाऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिली. मी मागूनच येत होतो. ती पिशवीतून दुखण्याची गोळी काढत होती. मी ओरडलो, अर्थात. रोज गुडघा नवा झाला म्हणून सांगता आणि इथं गोळ्या खाता? तर म्हणते कशी, तुम्ही तरुण पोर, एकटे राहता, एवढे घाम गाळता, तुमचं मन कसं मोडायचं? महिनाभर माझ्या मनासाठी ती म्हातारी गुडघा वाकवत होती! मी तिला ताबडतोब खुर्चीवर बसून करायचे प्रकार दिले आणि ताकीद दिली की यापुढे खोटं बोलाल तर वर्गाबाहेर. ती म्हणाली, बरं, मग ऐका, तुमची शिट्टी फार कर्कश आहे.

तेव्हा प्यो सरांचं खरं आहे. लिहिलं एकदाचं.

पण आत्या, म्हणून तो पेपर नकोच, हे कसं? मी तिला ओरडून विचारलं तेव्हाच ती खरं बोलली ना? विचारायचं कसं, हेच मला कुणी शिकवलं नव्हतं.

सामन्याचं तू म्हणतेस तसं करीन. हरीन. सेबिनताईच्या देखत हरीन. ती माझ्याहून एका वर्षानं मोठी, म्हणून दर वाक्याला ताई म्हणावं लागतं, आणि ताई म्हटलं की पुढचं सगळं भावानं विचारल्यासारखं होतं. जगाला तोंडावर खरं सुनावणारा मी, दोन वर्षं तिला फक्त जेवलीस का एवढंच विचारतो.

कृपा ठेव, निदान मार्चपर्यंत.

दोग्योम


छुनछन,
११ नोव्हेंबर

चि. दोग्योम यास,
एका पायावरून आशीर्वाद.

एका पायावरून अशासाठी, की बैठक संपवून निघताना मी पायरी चुकले. ‘तोल आणि स्थिरता’ हा पेपर शिकवते मी. विद्यार्थी तोंडावर हसले नाहीत, फार शिस्तीचे आहेत. घोटा सुजलाय, म्हणून इन्जेला येणं रद्द.

पण पत्र त्यासाठी नाही. काल प्यो सर नाशपतीची पेटी घेऊन मला बघायला आले. बराच वेळ हवापाण्याचं बोलले आणि मग सरळ विचारलं, की जोक्गूत तुम्हीसुद्धा माझ्याशी मुद्दाम हरत होता का? मी हो म्हटलं. वीस वर्षं. त्यांनी एक अख्खी नाशपती सोलली आणि मग म्हणाले, लोकांना मोजायला शिकवण्यात आयुष्य गेलं आणि माझं स्वतःचं मापच खोटं निघालं. तुझ्यावरचा राग हरल्याचा नव्हता रे. त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा कळलं की याआधी ते कधी जिंकलेच नव्हते. तुझ्या मा आजीचं त्यांना सांगितलं. पुन्हा एक नाशपती सोलली.

तेव्हा माझा सल्ला मी परत घेते. हरू नकोस. खरं खेळ. सही मिळो न मिळो, त्या माणसाशी आता आणखी एकदा खोटं वागणं मला बघवणार नाही.

आणि सेबिनशीही.

आत्या


इन्जे,
१७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
हरलेल्या दोग्योमचा नमस्कार. वि. वि.

आधी हे नीट वाच: मी मुद्दाम हरलो नाही. जीव तोडून खेळलो आणि हरलो.

तुझे प्यो सर गेलं वर्षभर पहाटे नदीकाठच्या मैदानावर बसचालकांबरोबर खेळतायत. त्या लोकांना ते प्राध्यापक आहेत हे ठाऊकच नाही. चेंडू सोडला की यथेच्छ शिव्या घालतात म्हणे. सर टाचेनं मागून असा चेंडू घालतात की मी दोनदा अंगणातल्या लोणच्याच्या रांजणांवर जाऊन आदळलो. चष्म्याला दोरी बांधली होती.

आणि कुणाचा विश्वास बसेना! सीनियर मुलांनी माझी पाठ थोपटली, पेला भरला, शहाणा झालास म्हणाले. खरंच हरलोय म्हणून मी जितकं ओरडावं तितके ते हसत होते. माझा सामना बघायला आलेली मा आजी कुंपणापाशी बसली होती. आधी म्हणाली, छान खेळलात मास्तर. मग माझ्याकडे बघून म्हणाली, नाही, वाईट खेळलात.

सरांनी मात्र माझा चेहरा बघितला. म्हणाले, मुद्दाम हरणाऱ्याचं तोंड एवढं वाईट होत नाही. मग मा आजीजवळ जाऊन बसले, तिच्या गुडघ्याची चौकशी केली. ती बरा आहे म्हणाली. सर काही न बोलता बसून राहिले, अगदी गप्प. थोड्या वेळानं ती आपणहून म्हणाली, जिना उतरताना दुखतो.

कोंबडीचं कढण येईपर्यंत तुमचा पेपर मंजूर झाला होता. सरांनीच सुचवलं, एका अटीवर: पहिला महिना विद्यार्थ्यांनी काही शिकवायचं नाही, माणसाकडून खरं कसं काढायचं तेवढंच शिकायचं. तो महिना ते स्वतः घेणार. संख्याशास्त्र आहे तिथंच राहिलं, बैठकीला न आलेल्या त्या सरांना कळव, खिडकी सोडा म्हणावं.

अर्जावर सही झाली. मार्चमध्ये परतीचा सामना आहे आणि हजेरी सक्तीची आहे.

हॉटेलापासून खाली रस्त्याकडे उतरताना सेबिनताई माझ्या बाजूनं चालत होती. गुण तिनंच मोजले होते. तिनं विचारलं की शेवटचा चेंडू सोडलास का? मी म्हटलं, सोडला नाही, दिसलाच नाही, कारण मी तुझ्याकडे बघत होतो. आत्या, असं तोंडातून निघून गेलं. ताई म्हणायचंही राहिलं. पुढच्या वळणापर्यंत ती गुणांचा कागद उलटसुलट बघत चालली. मग म्हणाली, तर तो गुण प्यो सरांचा नाही, माझा आहे. आणि ते जे आत्ता म्हणायचं राहिलं, ते यापुढेही राहू दे.

मी पायऱ्या न बघता उतरलो. पडलो नाही. तुझ्या विद्यार्थ्यांना सांग.

पायाला बर्फ लाव. लोभ कर, आणि मी ओरडणार नाही असं वचन देतो, तेव्हा आज रात्री फोन केला तर चालेल का?

तुझा,
दोग्योम

ता. क. तू तरी विश्वास ठेव. खरंच हरलो.