रखवालदारावर रखवालदार

२ मार्च, सोमवार
रुग्णवाहिका पाठवणारं आमचं सॉफ्टवेअर अडखळतंय. फोन आला की जवळची गाडी स्क्रीनवर लगेच दिसायला हवी, दिसत नाही. शनिवारी हॉस्पिटलवाल्यांसमोर चाचणी. पास झालो की टीमप्रमुखाची खुर्ची माझीच. कारण शोधायला मशीनला प्रत्येक फोनची, प्रत्येक पायरीची वेळ मोजायला लावली. आता चोर सुटत नाही.

३ मार्च
सॉफ्टवेअर आणखी मंद. उत्तम. दुखणं वर येतंय.
टीममधली नवी चष्मेवाली म्हणाली, मोजण्याचाही मशीनवर भार पडतो, शंभरातला एखादाच फोन मोजूया. हसलो. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात करावी. इथे लोकांचे जीव आहेत.

४ मार्च
साहेबांनी बजावलं, मोजणीने मशीनची एक टक्क्याहून जास्त ताकद खायची नाही. मान्य. लगेच 'रखवालदार' नावाचा प्रोग्राम लिहिला. मोजणी किती खाते यावर तो सतत डोळा ठेवतो. साहेबांना विचारलं नाही. चांगल्या कामाला परवानगी कशाला?
घरी पोरीला ताप. दर दहा मिनिटांनी थर्मामीटर लावला. बायको तडकली. म्हणाली, जरा डोळा लागला की तू तिला उठवतोस. थर्मामीटर हिसकावून घेतला. शिकलेली बाई, पण आकड्यांची कदर नाही.

५ मार्च
रखवालदार म्हणतो, मोजणी मर्यादेत आहे. मग मशीन धापा का टाकतंय? चष्मेवालीने विचारलं, रखवालदार किती खातो ते कोण बघणार? खोचक आहे. पण मुद्दा बरा. पहिल्या रखवालदारावर दुसरा रखवालदार बसवला.

६ मार्च
उद्या चाचणी. झोपायला गेलो, तीनदा उठून दाराची कडी तपासली. घाबरलेलो नाही. चहा जास्त झाला.

७ मार्च, दुपारी
चाचणीचा फोन लागला. गाडी दिसेना. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाई घड्याळाकडे बघत म्हणाल्या, एव्हाना पेशंट गेला. साहेबांनी दरडावून विचारलं, मशीन खातंय कोण? अखेर माझी मोजणी कामी आली! कोण किती खातं त्याचा तक्ता सगळ्यांसमोर लावला.
सर्वांत वर पहिला रखवालदार. त्याखाली दुसरा. मग मोजणी. रुग्णवाहिकेचं काम अगदी तळाला.
तक्ता अचूक होता. हे मात्र कोणीच बोललं नाही.
चष्मेवालीने माझं सगळं बंद केलं आणि शंभरातला एकच फोन मोजायला लावला. तासाभरात सोमवारचं मूळ दुखणं सापडलं: गाडी शोधताना प्रत्येक फोनला सगळ्या शहराचा नकाशा नव्याने उघडत होता. नकाशा मीच जोडला होता. तिने तो दुरुस्त केला, पुन्हा फोन लावला. गाडी चटकन दिसली. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघून हसल्या. खुर्ची तिची.

संध्याकाळी
पोरगी जमिनीवर पसरून चित्र काढत होती. ताप किती आहे, विचारलं. बायको म्हणाली, परवाच उतरला, तू विचारलंस कुठे?
थर्मामीटर मागायचा धीर झाला नाही. पोरीच्या कपाळाला हात लावला. गार होतं.