यजमानांचं नाव

८ फेब्रुवारी १९९९
आलो एकदाचे सिल्वासाला. सामरवरणीचं भाड्याचं घर झकास आहे, वारा अगदी स्वयंपाकघरापर्यंत येतो. मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात मी संगणक विभागाची प्रमुख. विभागात मी एकटीच, त्यामुळे प्रमुख होणं सोपं गेलं. प्रकाश नाशिकची नोकरी सोडून माझ्यामागे आला. इथे काम मिळेपर्यंत घर तो बघणार. त्याच्या हातचा चहा कसाही असला तरी आयता आहे.

१२ फेब्रुवारी
मालकांना वेबसाइट हवी. पानं तयार आहेत, आता होस्ट शोधायचा, म्हणजे ज्याच्या संगणकावर ती जगासाठी कायम उघडी राहतील असा कोणी. फुकटवाले आमच्या धाग्याशेजारी केसांच्या तेलाची जाहिरात टांगणार. अमेरिकेतले उत्तरच देत नाहीत. एका मासिकात तिसऱ्यांची जाहिरात सापडली. आमचं दार कधी बंद नसतं, म्हणे.

१५ फेब्रुवारी
तिसरेच ठरवले. फोनवर श्रीकांत नावाचे गृहस्थ होते. मराठी इतकं शुद्ध की मीच सावरून बसले. शेवटी त्यांनी विचारलं, यजमानांचं नाव काय? मी प्रकाशचं पूर्ण नाव सांगून मोकळी झाले. आईसुद्धा बाबांना 'आमचे यजमान' म्हणायची. आलेल्या प्रत्येकाचं स्वागत तेच करतील ना, असंही त्यांनी विचारलं. मी हसून हो म्हटलं.

२० फेब्रुवारी
साइट सुरू झाली. मालकांनी पेढे वाटले. किती जण येऊन गेले ते दाखवणारा काउंटर पानाच्या तळाशी बसवलाय. घरी आले तर प्रकाश सताड उघड्या दारात उभा. कोण आलं होतं विचारलं, तर म्हणाला, आलेत की, आत बसलेत. आत कोणी नव्हतं. थट्टा करायची त्याला सवयच आहे.

२६ फेब्रुवारी
तो झोपत नाही. जेवताना मध्येच उठतो, दार उघडतो, या, बसा म्हणतो, पाणी आणून ठेवतो. घरकामाला येणाऱ्या तानूबाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, भाऊ कोनले पानी देतस?"

आज कारखान्यातून त्याला फोन लावला आणि बोलता बोलता साइट उघडली. काउंटर सरकला. त्याच क्षणी त्याने रिसीव्हर बाजूला ठेवला. कडी वाजली. मग लांबून त्याचा आवाज आला: या पद्मजाबाई, बसा. पद्मजा म्हणजे मीच.

२ मार्च
श्रीकांतना फोन केला. होस्टला ते यजमानच म्हणतात. मी विचारलं होतं ना, म्हणाले. साइट पुसून टाकते म्हटलं, तर म्हणाले, खुशाल पुसा, पण आलेली माणसं उठणार नाहीत. ती बसलेली असताना यजमानाला आडवं होता येत नाही. बदलायचा असेल तर दुसरं नाव द्या.

५ मार्च
साइट पुसली. तरी दार वाजतंच — घर रिकामं आहे आणि मी अंग चोरून चालते. प्रकाशचा आवाज गेला. नुसते ओठ हलतात. असाच उभ्या उभ्या मरेल तो. मला भीती वाटते.

६ मार्च
कोणाचं द्यायचं? तानूबाईंचं पूर्ण नाव मला ठाऊक आहे. फोनवर जिभेच्या टोकाशी आलं होतं —
नाही दिलं.

७ मार्च, दुपार
माझं दिलं.
प्रकाश खुर्चीतच झोपला. घोरतोय. किती बरं —
दार.
उठणार नाही. लिहीत राहणार. हात धरून —
पण उन्हात ताटकळलीत माणसं, कधीची, आणि मी इथे खुशाल बस—