टाळ्यांसाठी सोडलेला हात

सर, यंदाही उन्हाळी शिबिरात पोरांच्या जोड्या लावल्या, तुम्ही लावायचात तशाच. गर्दीत शिरायच्या आधी जोडीदाराचा हात धरायचा आणि मोठ्यांनी सांगेपर्यंत सोडायचा नाही. तुमचं एवढं एक मी आयुष्यभर पाळत आले, आणि त्यावरूनच तुमचा राग येतो. लई येतो.

देवणीचं ते जनावरांचं प्रदर्शन. लातूर नवा नवा जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ, विहिरींच्या तळाला नुसता चिखल. शिबिरातल्या आम्हा पोरींना तुम्ही पाणी वाटायला नेलं होतं. माझी जोडीदार म्हणजे शेजारच्या गल्लीतली माझी जिवाभावाची मैत्रीण. तिच्या तळव्याला घाम सुटलाय, बोटं निसटतायत, तरी मी हात सोडत नाही. मग पाहुण्यांची जीप येते आणि तुम्ही मागून हळूच माझ्या एकटीच्या कानात म्हणता, "हात सोड गं, टाळ्या वाजव. साहेब बघायलेत." मी सोडला. तेवढ्यात मंडपामागं टँकर आला. तहानलेले बैल पाण्याच्या वासानं दावी तोडून सुटले, माणसं जीव घेऊन पळत आमच्या अंगावर आली. मी एकीकडं रेटले गेले, ती पायांखाली गेली. तेव्हापासून तिचा डावा पाय नीट टेकत नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तिच्या आईनं विचारलं, पोरगी एकटी कशी पडली? तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मला वाटलं, आता सर सांगतील. तुम्ही म्हणालात, "हिनं हात सोडला." खोटं नव्हतंच ते, म्हणून तर जास्त लागलं. एवढीशी पोर मी, तुम्हाला खोटं पाडणार कशी? पुढं तुम्ही मोसंबी घेऊन तिला भेटायला जात राहिलात, आणि मला मात्र त्या घराचं दार कायमचं बंद झालं. मला टाकून दिलंत तुम्ही, सर. तेही इतक्या सहज.

परवा ती नातीला माझ्या शिबिरात सोडायला आली, लंगडत. इतक्या वर्षांनी माझ्याशी बोलली, तेही तुमच्याबद्दल. सरांसारखा माणूस व्हायचा न्हाई, म्हणाली. तुमचा फोटो लावलाय म्हणे तिनं घरात. मग नातीला माझ्याकडं देत म्हणाली, "हिची जोडी हात न सोडणाऱ्या पोरीशी लाव."

अगदी ओठावर आलं होतं. एकच तर वाक्य. पण त्या सगळ्या वाईटातून तिच्यापाशी चांगलं म्हणावं असं एवढंच उरलंय, तुमची माया. तेही हिसकावून घेऊ? मी "हाव, लावते" म्हणाले आणि पोरीचा हात धरला. तुम्हाला वाचवायला नव्हे, हे नीट समजून घ्या. तिच्यासाठी गप्प बसले.

तरी एक कबूल करते. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत मला वाटत होतं, तुम्ही मागून याल आणि तिला सांगाल.