चुन्याची भिंत

३ मार्च
खोडलं! लाल पेनाने, माझ्यासमोर. धक्क्यावर पाहुण्यांसाठी लावायच्या फलकाचा मजकूर मी तीन आठवडे खपून लिहिला. दीपगृह, जुनी वखार, बर्फाचा कारखाना – सगळं ठेवलं. एकच परिच्छेद उडवला. नगराध्यक्ष म्हणाले, "पोरी, लोक इथे फिरायला येतात, सुतकाला नाही." मी हसले. का हसले मी?

४ मार्च
तो परिच्छेद असा – पूर्वी होड्या खडकांतून आत यायच्या त्या वखारीची पांढरी भिंत कारखान्याच्या धुराड्याच्या बरोबर खाली, एका रेषेत धरून; ती रेष म्हणजे खडकांमधली सुरक्षित वाट. चोवीस वर्षांपूर्वी वखारीच्या ओळीत कुणीतरी आपल्या घराची भिंतही पांढरी केली. संध्याकाळच्या धुक्यात दोन होड्यांनी चुकीची भिंत धरली आणि त्या खडकांवर आपटल्या. सात माणसं गेली.

यात खोटं काय आहे? ज्याने हे सांगितलं त्या म्हाताऱ्या नावाड्याला पुन्हा विचारून आले. आकडा सातच. "घर कुणाचं?" म्हटलं, तर जाळं शिवत राहिला. "तुला गाव दाखवायचंय ना? दाखव की. खणतेस कशाला?"

सगळे एकाच माळेचे मणी.

६ मार्च
नगराध्यक्षांशी भांडले. आवाज चढला. दीपगृहाची पायरी न् पायरी मोजून लिहायची आणि सात माणसं गिळून टाकायची? "कुणाला पाठीशी घालताय?" तोंडावर विचारलं. ते चिडले नाहीत. "घरी विचार," एवढंच म्हणाले. म्हणजे मी कुक्कुलं बाळ, बाबांची परवानगी आणू!

अजून डोकं तडकतंय. जास्त बोलले का? नाही. कमीच बोलले.

७ मार्च
घरी काय विचारायचं? बाबांनीच तर शिकवलं. शाळेच्या आधी, आमच्या घराच्या समुद्राकडच्या भिंतीवर, खडूने. खाऱ्या ओलीसाठी ते दर वर्षी तिला डांबर फासतात. आम्हाला फुकटचा फळा. अक्षर चुकलं की अंगठ्याने पुसायचे. "आधी खरं लिही, मग सुबक."

उद्या त्यांना परिच्छेद वाचून दाखवते. बघू दे त्यांनाही, काय खोडलंय ते.

८ मार्च
बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "'कुणीतरी' नको लिहूस." आई उठून आत गेली.

"तू झालीस त्या आठवड्यात चुना मारला मी. खुशीत होतो. समुद्राकडे पाठ होती माझी."

'कुणीतरी' खोडलंय. पुढे हात सरकत नाही.